परदेशात इंजिनिअर म्हणून नोंदणी : पदवी पुरत नाही, मग नेमके काय लागते?

गोदाकाठ
नमस्कार. मी 2011 साली नाशिकच्या एका संलग्न महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची बी.ई. झालो आणि पुढची बारा वर्षे तिथल्याच एका स्ट्रक्चरल सल्लागाराच्या कार्यालयात इमारतींचे आरसीसी डिझाइन केले. दोन वर्षांपूर्वी आम्ही कॅनडातल्या ऑन्टारिओत, ब्रॅम्प्टनला आलो. स्थलांतराच्या अर्जासाठी पदवीचे मूल्यांकन करून घेतले तेव्हा माझी बी.ई. इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची असल्याचे पत्र आले आणि प्रश्न मिटला असे मी धरून चाललो. इथे आल्यावर समजले की ते पत्र स्थलांतर खात्यापुरतेच आहे आणि इंजिनिअर म्हणून काम करण्याशी त्याचा काही संबंध नाही. सध्या मी एका कार्यालयात ड्रॉइंग काढतो. पहिल्याच आठवड्यात ईमेलखालच्या सहीत नावापुढे ‘इंजिनिअर’ लिहिले होते, ते वरिष्ठांनी शांतपणे काढून टाकायला सांगितले.

ज्या माणसाने अकरा मजली इमारतीचे भूकंपासाठीचे गणित केले आहे, त्याच्या बारा वर्षांची इथे काहीच किंमत नाही का? पुन्हा एम.एस. करावे की थेट नोंदणीसाठी अर्ज करावा? आणखी एक अडचण अशी की माझ्या एकाही ड्रॉइंगवर माझी सही नाही. परवाना आमच्या सरांच्या नावावर होता, त्यामुळे सही त्यांचीच असे. मग अनुभव सिद्ध करायचा कसा? जे या वाटेने गेले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सळईबांधणी
मी या वाटेने गेलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कॅनडात इंजिनिअरची नोंदणी देशपातळीवर होत नाही; प्रत्येक प्रांताचा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र नियामक संस्था असते. ऑन्टारिओत हे काम ‘प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारिओ’ ही संस्था 1922 पासून करते. तिथे मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे शिक्षण : पदवी इथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची नसेल तर तुमचे विषय तपासले जातात आणि त्यानुसार परीक्षा द्याव्या लागू शकतात. दुसरी म्हणजे 48 महिन्यांचा इंजिनिअरिंगचा अनुभव. तिसरी म्हणजे व्यवसायाचा कायदा आणि नीतिमत्ता यांवरची परीक्षा.

तुमच्यासाठी दिलासा देणारी बाब अशी की पूर्वी या 48 महिन्यांपैकी किमान 12 महिने कॅनडातले असावे लागत आणि त्या एका अटीवर शेकडो माणसे वर्षानुवर्षे अडून राहिली. नोंदणी नाही म्हणून इंजिनिअरची नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असा तो फेरा होता. 2023 मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. त्यामुळे नाशिकची बारा वर्षे वाया गेलेली नाहीत, मात्र ती योग्य रीतीने मांडावी लागतील. इतक्यात एम.एस.चे शुल्क भरू नका. आधी अर्ज करा आणि तुमच्याकडून नेमके काय मागतात ते पाहा.

शिरीषवेल
खूण करून ठेवली आहे. माझा भाचा याच वर्षी निघाला आहे, त्याला आजच हा धागा पाठवते.

सिंहगडपायथा
मला एक कळत नाही. भारत वॉशिंग्टन कराराचा सदस्य आहे ना? त्या करारानुसार सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंगच्या पदव्या मान्य करायच्या असतात. कॅनडाही त्यात आहे. मग ही सगळी तपासणी कशासाठी?

कृष्णामाई
मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि आमच्या विभागाच्या मानांकनाचे काम मी स्वतः केले आहे. सिंहगडपायथा यांचा हा समज फार पसरलेला आहे, आणि दुर्दैवाने तो पसरवण्यात काही महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांचाही हात आहे, म्हणून नीट उलगडून सांगते.

हा करार 1989 मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड या सहा देशांतल्या मानांकन संस्थांनी केला. भारतातर्फे राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, 13 जून 2014 रोजी त्याचे पूर्ण सदस्य झाले. या एका तारखेतच गोदाकाठ यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, कारण ही मान्यता मागे जाऊन लागू होत नाही. 2011 ची पदवी तिच्या कक्षेत येतच नाही.

दुसरे असे की मान्यता महाविद्यालयाला मिळत नसून अभ्यासक्रमाला मिळते. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरची यंत्र शाखा मानांकित आणि खालच्या मजल्यावरची स्थापत्य शाखा अमानांकित असू शकते. शिवाय एनबीएच्या दोन श्रेणी आहेत. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग पहिल्या श्रेणीत येतात, तर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये दुसऱ्या श्रेणीत. करारातली मान्यता पहिल्या श्रेणीतल्या अभ्यासक्रमांनाच आहे. आपल्या राज्यातली बहुसंख्य मुले संलग्न महाविद्यालयांतून शिकतात, आणि हा फरक प्रवेशाच्या वेळी त्यांना कोणी सांगत नाही.

तिसरे, पालक नॅक आणि एनबीए यांत गल्लत करतात. फाटकावरच्या मोठ्या फलकावर ‘अ श्रेणी’ असे लिहिलेले असते, ती नॅकची. ती संपूर्ण संस्थेची असते आणि तिचा या कराराशी काही संबंध नाही. प्रवेश घेताना विचारायचा प्रश्न असा : माझ्या शाखेला एनबीएचे मानांकन आहे का, कोणत्या श्रेणीत आहे आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे? मानांकन ठरावीक वर्षांपुरतेच मिळते, त्यामुळे शेवटचा प्रश्न विसरू नये.

आणि चौथे, जे खरे तर सर्वांत महत्त्वाचे आहे. हा करार फक्त शिक्षणापुरता आहे. करारातली पदवी असली तरी तुमचे शिक्षण त्यांच्या शिक्षणाच्या तोडीचे आहे एवढेच मान्य होते, परवाना मिळत नाही. अनुभव, परीक्षा आणि नीतिमत्तेची कसोटी या गोष्टी तिथे शिकलेल्या मुलांनाही चुकत नाहीत.

सिंहगडपायथा
कृष्णामाई, मनापासून आभार. मी स्वतः पहिल्या श्रेणीतल्या संस्थेतून शिकलो, तरीही हे मला माहीत नव्हते.

मीठबाव
एनबीएचा फटका आम्ही आखातात खाल्ला आहे. मी यंत्र शाखेचा पदवीधर आणि कुवेतमध्ये तेल क्षेत्रात सतरा वर्षे काम केले. मार्च 2018 मध्ये तिथल्या मनुष्यबळ प्राधिकरणाने असा नियम केला की परदेशी इंजिनिअरला रहिवासी परवान्याचे नूतनीकरण करायचे असेल तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचे ना हरकत पत्र हवे. ती संस्था भारतीय पदव्यांपैकी एनबीएने मानांकित केलेल्याच ग्राह्य धरू लागली. एनबीएची स्थापना 1994 ची. माझी पदवी 1993 ची. ज्या संस्थेचा जन्मच झाला नव्हता तिचे प्रमाणपत्र मी कुठून आणणार होतो? हजारो भारतीय इंजिनिअर अडकले आणि विषय दोन्ही देशांच्या परराष्ट्र मंत्र्यांपर्यंत गेला.

अनेकांनी शेवटी व्हिसावरचा हुद्दाच बदलून घेतला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा रत्नागिरीचा सहकारी एका सकाळी कागदोपत्री इंजिनिअरचा पर्यवेक्षक झाला. काम तेच, खुर्ची तीच, हेल्मेटही तेच. पण त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी गेला, ते मी विसरलेलो नाही. पदवीवर राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग वकिलातीचा, असे एकावर एक शिक्के मारून घेतले होते. त्या शिक्क्यांनी पदवी खरी आहे एवढेच सिद्ध होते, ती पुरेशी आहे हे सिद्ध होत नाही. हा फरक मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळला.

कातळकडा
मी थोडे वेगळे मत मांडतो. ही सारी व्यवस्था म्हणजे त्या त्या देशाने आपल्या लोकांच्या नोकऱ्यांभोवती घातलेले कुंपण आहे. बीमला परदेशातही तेवढेच वाकणे येते आणि गुरुत्वाकर्षणही तेवढेच असते. नाशिकमध्ये उभी राहिलेली इमारत पाडून पुन्हा ऑन्टारिओत उभी करा, असे म्हणण्यासारखे हे आहे. सळईबांधणी यांनीच सांगितले की स्थानिक अनुभवाची अट 2023 मध्ये काढली. ती अट जर सुरक्षिततेसाठी आवश्यक होती तर ती काढली कशी, आणि आवश्यक नव्हती तर इतकी वर्षे ठेवली का?

पाटबंधारे_निवृत्त
कातळकडा यांच्या शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे आणि ती अट अन्यायकारक होती असेच माझेही मत आहे. पण म्हणून नोंदणीची सारी व्यवस्थाच कुंपण ठरत नाही. तिचा उगम पाहिला तर हे ध्यानात येईल.

अमेरिकेत इंजिनिअरच्या परवान्याचा पहिला कायदा 1907 मध्ये वायोमिंग राज्यात झाला आणि त्याचे कारण आमच्याच खात्यातले होते : पाणी. सिंचनासाठी पाण्याचा हक्क मागणाऱ्या अर्जांसोबत जे नकाशे येत, ते वकील, नोटरी असे कोणीही काढून त्यावर इंजिनिअर म्हणून सही ठोकत असत. कालव्याचा नकाशा चुकला तर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, हे मी तीस वर्षे पाहिले आहे. टेक्सासचा कायदा 1937 चा. त्या वर्षी मार्चमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत नैसर्गिक वायूची गळती होऊन स्फोट झाला आणि सुमारे 300 जण गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर काही महिन्यांतच कायदा आला. परक्यांना बाहेर ठेवण्यासाठी हे कायदे झालेले नाहीत. इंजिनिअर म्हणून सही करणाऱ्याला जबाबदार धरता यावे, यासाठी ते झाले.

आता आपल्याकडे पाहा. सनदी लेखापालांसाठी 1949 चा कायदा आहे, वकिलांसाठी 1961 चा, वास्तुविशारदांसाठी 1972 चा. इंजिनिअरसाठी देशपातळीवर असा कायदा आजही नाही. विधेयकाचे मसुदे अनेकदा झाले, पण कायदा झाला नाही. भूजच्या 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत, म्हणजे केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, बहुमजली इमारती कोसळल्या. त्यानंतर गुजरातने 2006 मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला. आपल्याकडे 1993 मध्ये किल्लारी झाले. मी त्या आठवड्यात तिथे होतो आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंती कशा फुगून बाहेर पडल्या होत्या ते डोळ्यांसमोरून जात नाही. तरी महाराष्ट्रात अजूनही परवाना देते ती महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण. त्या हद्दीपलीकडे त्याला वजन नाही. जो परवाना शेजारच्या शहरातही सांगता येत नाही, तो समुद्रापलीकडे कोण मानणार? आपला इंजिनिअर परदेशी जातो तेव्हा त्याच्या पाठीशी त्याच्याविषयी ग्वाही देणारी संस्थाच नसते, आणि हे मला फार लागते.

सळईबांधणी
पाटबंधारे साहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. अशी संस्था अगदीच नाही असे नव्हे. 1920 मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही आपली संस्था सनदी अभियंता ही उपाधी देते, आणि व्यावसायिक इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय करारातही भारतातर्फे तीच आहे. पण त्या कराराच्या नोंदवहीत नाव असले तरी दुसऱ्या देशाचा परवाना आपोआप मिळत नाही. फार तर तपासणीतले काही टप्पे सोपे होतात.

पांढरीचिमणी
कॅनडातले इंजिनिअर करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, ती पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असे ऐकले आहे. त्या अंगठीचा आणि परवान्याचा संबंध आहे का?

सळईबांधणी
तो समज चुकीचा आहे. सेंट लॉरेन्स नदीवरचा क्वेबेक पूल बांधकाम चालू असतानाच 1907 मध्ये कोसळला आणि 75 कामगार दगावले. त्या अपघाताची आठवण अंगठीशी जोडली गेली, हे खरे. पण अंगठ्या त्या पुलाच्या लोखंडाच्या नाहीत. हा विधी 1925 मध्ये सुरू झाला. अंगठी म्हणजे स्वतःशी केलेला संकल्प आणि परवाना ही कायद्याची गोष्ट. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. अंगठी कामाच्या हाताच्या करंगळीत असते, त्यामुळे ड्रॉइंगवर लिहिताना ती कागदाला घासत राहते. माझ्या वरिष्ठांच्या अंगठीचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले आहेत.

दक्षिणगोलार्ध
कातळकडा, मी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये राहते, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात इथली सीटीव्ही इमारत कोसळली आणि त्या एकाच इमारतीत 115 माणसे गेली. पुढे असे उघड झाले की 1986 मध्ये तिच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच एका इंग्रज इंजिनिअरची ओळख आणि पदवी आपली म्हणून वापरली होती आणि त्या जोरावर ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे इंजिनिअर म्हणून काम केले होते. तपासणी ढिली असली की असा माणूस कुठेही शिरतो. त्या जागी आता मोकळी हिरवळ आहे. मी आठवड्यातून दोनदा तिथून जाते आणि आमच्या परवान्याची फेरतपासणी ठरावीक वर्षांनी का होते, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता गोदाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी न्यूझीलंडला येण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या मूल्यांकनातून गेले आहे. माझी पदवीही जुनी होती, म्हणून मला कामाचे तीन विस्तृत वृत्तान्त लिहावे लागले. पहिला मसुदा मी एका ज्येष्ठ मैत्रिणीला दाखवला. तिने लाल पेन घेतला आणि एकच शब्द शोधून शोधून गोल केला : ‘आम्ही’. आम्ही पायाची खोली ठरवली, आम्ही ठेकेदाराला काम थांबवायला सांगितले, आम्ही सळईची मांडणी बदलली. पहिल्याच पानावर चौदा गोल होते. ती म्हणाली, “यातले तू काय केलेस?”

आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. घरात, शाळेत, कार्यालयात आपण ‘आम्ही’ म्हणायला शिकतो आणि त्यात सौजन्य आहे हेही खरे. पण तपासणाऱ्याला कार्यालयाचे कर्तृत्व नको असते. त्याला हवे असते ते असे : मातीचा अहवाल हातात आल्यावर तू काय पाहिलेस, कोणते पर्याय बाजूला ठेवलेस, का ठेवलेस आणि चूक झाली तेव्हा कोणाला सांगितलेस. मी तो मसुदा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. तीन आठवडे लागले. लिहिताना प्रथमच मला कळले की काही निर्णय मी घेतलेच नव्हते, केवळ सांगितलेले गणित सोडवले होते. ते मी प्रामाणिकपणे गाळले.

कातळकडा
दक्षिणगोलार्ध यांचा प्रतिसाद वाचून माझा सूर थोडा बदलला आहे. तपासणी हवी, हे मान्य. पण ती माणसाला काय येते याची असावी, तो कुठे शिकला याची नव्हे, हे माझे म्हणणे मी सोडत नाही.

सळईबांधणी
अगदी बरोबर, आणि कॅनडाचे अनेक प्रांत आता त्याच दिशेला गेले आहेत. अनुभवाचे मूल्यमापन क्षमतांवर होते. सात गटांत मिळून 34 क्षमता आहेत आणि प्रत्येकीसाठी स्वतःच्या कामातले उदाहरण लिहायचे असते. तांत्रिक ज्ञान हा त्यातला केवळ एक गट आहे. संवाद, प्रकल्पाचा खर्च व वेळ, सहकाऱ्यांबरोबरचे काम, व्यावसायिक जबाबदारी, समाज व पर्यावरणावरचा परिणाम आणि स्वतःचे पुढचे शिक्षण हे बाकीचे. आपले लोक पहिल्या गटात पानेच्या पाने लिहितात आणि जबाबदारीच्या गटात अडखळतात.

गोदाकाठ, सहीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ड्रॉइंगवर तुमची सही असावी, अशी अपेक्षा इथेही नसते. नोंदणीआधी इथल्या मुलांचे कामही दुसऱ्याच्याच सहीने बाहेर जाते. ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांनी तुमचे लिखाण वाचून ‘हे याने केले आहे’ असे सांगावे लागते. तुमचे सर तसे सांगतील का?

गोदाकाठ
सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सळईबांधणी, सरांचा प्रश्न माझ्यासाठी अवघड आहे. शेवटच्या वर्षी आमचे मतभेद झाले होते. एका इमारतीत मालकाने तळमजल्यावरच्या भिंती काढून तिथे पार्किंग करायचे ठरवले. कॉलम वाढवल्याशिवाय ते करू नये असे मी लेखी दिले, आणि सरांना ते आवडले नाही. काम शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणे झाले, पण बोलणे कमी झाले ते झालेच.

पाटबंधारे_निवृत्त
जबाबदारीच्या गटात काय लिहायचे हा तुमचा प्रश्न सुटला आहे, हे तुमच्या लक्षात आले का? तळमजला मोकळा ठेवलेल्या इमारतींनीच अहमदाबादेत फार माणसे घेतली. ते लेखी पत्र शोधा. आणि सरांना फोन करा. आमच्या पिढीतली माणसे रागावतात, पण हाताखालच्या माणसाचे खरे काम नाकारत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सिंहगडपायथा
थोडे बाजूचे विचारतो. आम्ही हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवतो. हे नाव तिकडे चालते का?

सळईबांधणी
प्रांताप्रमाणे वेगळे आहे. अल्बर्टात यावरून वाद न्यायालयात गेला होता आणि 2023 च्या अखेरीस तिथल्या सरकारने कायदा बदलून सॉफ्टवेअर इंजिनिअर हे नाव परवान्याशिवाय वापरायला मोकळीक दिली. इतर प्रांतांत ते छापण्याआधी तिथला नियम वाचा. ब्रिटनमध्ये उलट स्थिती आहे : तिथे ‘इंजिनिअर’ या शब्दाला संरक्षणच नाही, संरक्षण आहे ते ‘चार्टर्ड इंजिनिअर’ या उपाधीला.

गोदाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितो आहे. रविवारी इथल्या पहाटे, म्हणजे नाशिकला दुपारी, सरांना फोन केला. काय म्हणावे हे कागदावर लिहून ठेवले होते, पण मी विषय काढण्याआधीच त्यांनी विचारले, “तिकडे डिझाइन करतोस की नाही?” मी खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “फॉर्म पाठव. पण तू लिहिलेले मी ओळ न् ओळ वाचणार, आणि जे तू केले नाहीस त्यावर मी हो म्हणणार नाही.” मी म्हणालो, तेच हवे आहे.

पार्किंगच्या इमारतीचे पत्र त्यांच्याकडेच सापडले. त्यांनी ते फाइलमध्ये जपून ठेवले होते, आणि माझ्या पत्राच्या समासात त्यांच्या अक्षरात कॉलमच्या नव्या मापांचे गणित केलेले आहे. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला. विद्यापीठाकडे गुणपत्रकांसाठी अर्ज केला आहे. 34 पैकी 9 क्षमता लिहून झाल्या आहेत. दहाव्या क्षमतेत पुन्हा ‘आम्ही’ आले होते, ते खोडून आता लिहितो आहे.